पाठवणीची तिसरी ओळ

"गिटार वाजणार नाही," मार्थाबाई थोरातांनी बशीतला चहा फुंकता फुंकता सांगितलं. "बाकी तुमचं सगळं कबूल. लग्न तुमच्या मनमाडच्या चर्चमध्ये करू, जेवण तुमच्या पद्धतीनं करा, वऱ्हाडी तुम्ही म्हणाल तेवढेच आणू. पण पाठवणीला गिटार नको."

पप्पांचा हात बिस्किटाच्या ताटलीकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी विनयकडे. विनय, म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं तो येवल्याचा मास्तर, स्वतःच्या बुटांकडे असा बघत होता की जणू ते आजच कुणीतरी त्याच्या पायात घातले असावेत.

"का हो, विहीणबाई?" दीनाआत्यानं विचारलं. ती पप्पांची थोरली बहीण. भावाला कुणी काही बोललं की तिच्या मानेची शीर फुगायची.

"का म्हणजे? आमच्या थोरल्या सुनेला यांनीच रडवलं ना. नांदगावला. आठवतंय का, खरातमास्तर?"

"रेबेका ना? पोस्टातल्या शिरसाठांची?" पप्पा म्हणाले.

"तीच."

"चांगली रडली होती हो ती!" आत्या खुलली. "अख्खा मांडव हलला होता."

"मांडव हलला, पण माझं घर बसलं ना, बाई! पोरगी येवल्यापर्यंत रडत आली. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये रडली. अजून जिलबी खाताना मध्येच डोळे पुसते. स्वभावानं गरीब आहे, कामाला वाघ आहे, पण हसत नाही. हसरी सून मिळावी म्हणून मी देवाजवळ किती मागणं केलं. त्यानं दिलीही असेल, तुम्ही तिचं हसू नांदगावातच ठेवून घेतलंत." मार्थाबाईंनी बशी खाली ठेवली. "ही दुसरी तरी मला कोरडी पाहिजे."

त्या वेळी मला आतून एवढं हसू येत होतं, की मी पदर तोंडात कोंबला. पण पप्पांकडे पाहिलं आणि हसू विरलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्याचं कारण त्या खोलीत फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं.

माझे वडील लाजरस खरात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि गिटार वाजवायचे. आमच्या भागात गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रात कोपऱ्यात उभं राहून टणटण करायची गोष्ट. पप्पांची गोष्ट वेगळी होती. ते ब्लूज वाजवायचे, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी. हे त्यांना पर्सीसाहेबानं शिकवलं. पर्सीसाहेब मनमाडच्या रेल्वे कॉलनीत राहणारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर. ऑस्ट्रेलियाला कायमचा निघून गेला तेव्हा बोटीत सामान मावेना म्हणून गिटार आणि तबकड्यांचं खोकं आमच्याकडे ठेवून गेला. तो गायचाही, म्हणे, घसा फाटेस्तोवर. पप्पा गायचे नाहीत. "माझं इंग्रजी नट-बोल्टपुरतं आहे, गाण्याला कुठून पुरणार?" असं म्हणायचे, आणि जे गायचं ते सगळं तारांवर काढायचे. त्यासाठी गोटीपान्याची, म्हणजे नट पिळायच्या पान्याची, पोकळ लोखंडी गोटी करंगळीत चढवायची आणि तारांवरून घसरवायची. मग गिटार अशी बोलायची की शेजारच्या लीलाबाई भाकरी थापायच्या थांबायच्या.

पप्पा आम्हाला समजावून सांगायचे. "हे बघ सुवार्ते, ब्लूजमध्ये तीन ओळी असतात. पहिली ओळ आपलं दुःख सांगते. दुसरी ओळ तेच दुःख पुन्हा सांगते, कारण एकदा सांगून कुणाच्या कानात शिरत नाही. आणि तिसरी ओळ त्या दुःखाला उत्तर देते. डोळा मारून उत्तर देते! तिसरी ओळ आली नाही, तर ते ब्लूज नाही. ती नुसती रडारड."

आता यातली गंमत अशी, की पप्पांचं नाव झालं ते नेमकं रडारडीसाठी. वर्कशॉपच्या फोरमनच्या मुलीचं लग्न होतं. पाठवणीची वेळ आली आणि सनईवाला जेवायला बसला तो काही पानावरून उठेना. फोरमन म्हणाला, "लाजरस, तू काहीतरी वाजव, पोरगी अशी मुकी कशी पाठवू?" पप्पांनी गोटी चढवली आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीला नवरीची आई कोसळली. दुसऱ्या ओळीला नवरदेवाकडचे पण रडायला लागले, ज्यांना रडायचं काही कारणच नव्हतं. त्या दिवसापासून मनमाड, नांदगाव, चांदवड, येवला या सगळ्या पट्ट्यात लाजरस खरातच्या गिटारीशिवाय पाठवणी झाली, तर लोक म्हणायचे, पोरीला काय नुसतं बसमध्ये बसवून दिलं होय? हिंदू असो, मुसलमान असो, आमच्या चर्चचा असो, मुलीचा बाप तारीख धरायच्या आधी विचारायला यायचा, "मास्तर, त्या दिवशी ड्युटी नाही ना?"

आणि दरवेळी तेच व्हायचं. दुसरी ओळ संपली की नवरी जीपमध्ये बसायची. ड्रायव्हरला घाई, वऱ्हाडाला घाई, कुणीतरी फटाक्यांची माळ लावायचा, जीप घरघरायची आणि तिसरी ओळ त्या धुरात नि धुळीत जायची. एवढ्या मुलखात पप्पांना ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि त्यांचं पूर्ण गाणं ऐकलेलं घर एकच, आमचं; फार तर भिंतीपलीकडून लीलाबाईंचं. लोक त्यांना कौतुकानं 'रडवे मास्तर' म्हणायचे आणि पप्पांना ते सुईसारखं टोचायचं. "मी काय कांदा आहे का?" म्हणायचे.

म्हणून त्यांनी एक बेत करून ठेवला होता, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून. "तुझ्या लग्नात जीपवाला माझा असणार. मुलीचा बाप मी. सगळ्यांना उभं करीन आणि तिन्ही ओळी वाजवीन. एकदा तरी ऐकतील लेकाचे." बाकीचे बाप मुलीच्या लग्नासाठी सोनं साठवतात, आमच्या पप्पांनी एक ओळ साठवली होती.

आणि आता समोर मार्थाबाई बसल्या होत्या, कोरडी सून मागत.

"बरं," पप्पा म्हणाले. "नाही वाजवणार."

पाहुणे गेल्यावर मी खूप तणतणले. "मी विनयला सांगते. हे काय भलतंच?"

"काही सांगायचं नाही. लग्न तुझं आहे, माझा कार्यक्रम नाही."

"पण पप्पा, तुमची—"

"मुलगा चांगला आहे की नाही?"

"आहे."

"मग झालं तर." त्यांनी गिटार जुन्या चादरीत गुंडाळली, तारा सैल केल्या आणि कपाटावर ठेवून दिली. मग उगाचच बराच वेळ हात पुसत बसले. मला त्या दिवशी विनयचा, त्याच्या आईचा आणि जगातल्या सगळ्या जीपवाल्यांचा राग आला होता.

विनय पुढच्या आठवड्यात एकटाच आला तेव्हा मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "आईपुढे माझं काही चालत नाही गं."

"मग माझं चालेल?"

"तुझं चालेल असं वाटलं म्हणून तर हो म्हटलं," असं म्हणून तो माणूस हसला. लग्न झालं.

लग्न छान झालं. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला, हाच मोठा चमत्कार. आमच्या रेल्वे क्वार्टर्ससमोरच्या मांडवात जेवणं झाली. उन्हं कलायला लागली तशी फुलांनी सजवलेली जीप येऊन उभी राहिली आणि सगळे पाठवणीसाठी गोळा झाले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आमेन झालं. आणि मग सगळे वाट बघत उभे राहिले.

रीत अशी, की आता बायकांनी रडायचं. मी आईच्या गळ्यात पडायचं, आत्याच्या गळ्यात पडायचं, मग सासूनं पुढे होऊन मला जवळ घ्यायचं आणि "मी पण हिची आईच आहे हो" असं म्हणायचं. मार्थाबाई त्यासाठी तयारच होत्या. हातात घडी घातलेला नवा रुमाल होता, चेहराही त्या मापाचा केला होता.

मी आईच्या गळ्यात पडले. आई म्हणाली, "लिंबाच्या लोणच्याची बरणी आडवी ठेवू नकोस, झाकण सैल आहे."

"बरं."

"आणि गेल्या गेल्या साड्या काढून उन्हात टाक."

"बरं आई."

झालं, तिचं संपलं. मग दीनाआत्या पुढे आली. "माझी गं बाई ती!" म्हणून तिनं मला असं कवटाळलं, की माझी वेणी तिच्या बांगडीत अडकली. पण पुढे काही होईना. ती थांबली. मी थांबले. मग माझ्या कानात म्हणाली, "सुवार्ते, तू आधी रड. म्हणजे मला येईल."

"मला येत नाहीये, आत्या."

"असं कसं येत नाही? जोर कर!"

जोर कुठून करणार? मला विनय आवडला होता, येवला काही सातासमुद्रापार नव्हतं, सकाळच्या एस.टी.नं बसलं तर जेवायला घरी पोचता येत होतं. आत्यानं मला चिमटा काढला. मी "आई गं" म्हणाले, पण ते वेगळं आई गं होतं. लीलाबाई आणि त्यांच्या दोन्ही सुना कोरड्या डोळ्यांना पदर लावून एकमेकींकडे बघत होत्या. एकीला तर हसू फुटलं. सबंध आळीला तेव्हा कळलं, की आपल्याला आपलं आपण रडता येत नाही. इतकी वर्षं पप्पांच्या गिटारीवर रडून रडून स्वतःहून रडायची सवयच मोडली होती.

"गिटारीबिगर कसं येईल, बया?" लीलाबाई शेवटी मोठ्यानं म्हणाल्या. "मी माझ्या सख्ख्या नणदेच्या मयतीला पण रडले नव्हते, लाजरसभाऊ गावाला गेले होते."

येवल्याच्या वऱ्हाडात आता कुजबुज सुरू झाली. "एक टिपूस नाही हो!" "पोरगी जड झाली होती का काय घरात?" "का पोरीतच काही खोट आहे?" मार्थाबाईंच्या कानावर ते सगळं जात होतं. रुमालाची घडी तशीच राहिली होती. सांत्वन करायला कुणी रडायला तर पाहिजे! त्या दोन पावलं पुढे आल्या.

"खरातमास्तर, तुमच्यात लेक पाठवताना कुणी रडत नाही का?"

"रडतात की," पप्पा अगदी साधेपणानं म्हणाले. "पण त्यांना माझी सवय लागलीय. आपण बंद केलं ना ते."

"मग आता?"

"आता काय. तुम्हाला कोरडी पाहिजे होती. घेऊन जा."

मी पप्पांकडे निरखून बघितलं. ते टोमणा मारत नव्हते. खरंच त्यांनी मनावर दगड ठेवला होता. मार्थाबाईंनी एकदा जीपकडे पाहिलं, एकदा वऱ्हाडाकडे. जीपच्या मागं माझी थोरली जाऊ रेबेका उभी होती, खाली मान घालून. मार्थाबाईंची नजर तिच्यावर थोडी थांबली. मग त्यांनी मोठा श्वास घेतला.

"काढा ती तुमची गिटार," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेला लोकांनी काही म्हटलेलं मला चालणार नाही. पण मास्तर, जरा बेतानं रडवा."

"बेताचं माझ्या हातात नसतं, विहीणबाई. पण वाजवायचं तर माझी एक अट आहे. ड्रायव्हरला खाली उतरवा आणि किल्ली माझ्याकडे द्या. माझं वाजवून होईपर्यंत जीप हलणार नाही. फटाके नाहीत, कुणी बसायचं नाही, कुणी ढकलायचं नाही."

"आणि पोरगी येवल्यापर्यंत रडत आली तर?"

"तर किल्ली मी परतच देणार नाही. पोरगी इथंच राहील."

सगळे हसले. मार्थाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी स्वतः ड्रायव्हरकडून किल्ली घेतली आणि पप्पांच्या हातावर ठेवली. पप्पांनी ती कोटाच्या खिशात टाकली.

गिटार कपाटावरून खाली आली. तारा सैल सुटलेल्या, त्या जुळवता जुळवता वऱ्हाडाचा जीव मेटाकुटीला आला. पप्पा कान लावून एकेक तार पिळत होते, जुळलेली तारही परत सैल करून परत पिळत होते. एवढ्या पाठवण्या केलेला माणूस स्वतःच्या पोरीच्या वेळी घाबरला होता. मग त्यांनी करंगळीत गोटी चढवली.

पहिली ओळ निघाली आणि दीनाआत्या नळ सुटावा तशी सुटली. तिच्यामागे आई, लोणचं-बिणचं विसरून. लीलाबाई दोन्ही सुनांच्या मध्ये कोसळल्या. मी म्हटलं, आपण काही रडायचं नाही, आपण हे रोज ऐकलंय. पण रोज ते अभ्यास करताना ऐकलं होतं, जाण्यासाठी उभं राहून नव्हतं ऐकलं. दुसऱ्या ओळीला पप्पांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तार अशी ओढली की मला एकदम कळलं, उद्या सकाळी कामावर जाताना हे डबा कुठाय म्हणून मला हाक मारणार आणि मी घरात असणार नाही. मग मी अशी रडले की माझी हनुवटी माझ्या ताब्यात राहिली नाही. मार्थाबाईंचा रुमाल एकदाचा उघडला.

दुसरी ओळ संपली. सवयीनं लोक हलले. विनयचा मामा "चला, चला, बसा" म्हणत नवरदेवाला ढकलायला लागला.

"गप उभे राहा हो!" मार्थाबाई डोळे पुसत त्याच्यावर खेकसल्या. "किल्ली त्यांच्याकडे आहे."

मग तिसरी ओळ आली.

ती आली तेव्हा मांडवातल्या पुष्कळांना वाटलं, मास्तरांचं काही चुकलं. ती आधी वर चढली, पहिल्या दोन ओळींसारखीच, आता काळीज फोडणार अशी. आणि वर जाऊन तिनं एक गिरकी घेतली नि टपटप उड्या मारत खाली उतरली. रडून दमलेल्या पोराला कुणी बगलेत गुदगुली करावी तसं झालं. दीनाआत्याच्या तोंडून हुंदक्याच्या मध्येच खुदकन् आवाज आला आणि तिची तीच दचकली. पप्पांचा बूट जमिनीवर ताल धरायला लागला. त्यांनी परत पहिली ओळ घेतली, परत दुसरी, आणि आता लोक रडता रडता वाट बघायला लागले. तिसरी आली तशी टाळी पडली. मग तर सगळं उधळलंच. लीलाबाईंच्या सुना हसत होत्या, पाळकसाहेबांची टाच हलत होती आणि ती आपली नव्हेच असं दाखवत ते दुसरीकडे बघत होते. पप्पांबरोबर भट्टीवर काम केलेले म्हातारे युसूफचाचा, ज्यांच्या तिन्ही मुलींना पप्पांनी रडवलं होतं, ते पुढे आले. "अरे लाजरस, पुढे हे असं आहे होय? मग एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो, चाचा. तुम्ही फटाके लावत होता."

पप्पांचं वाजवून झालं. मी त्यांना इतकं तरुण कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे धावणार, तेवढ्यात माझ्या आधी कुणीतरी पुढे गेलं. रेबेका होती. जीपमागून निघून ती सरळ पप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली. गाल ओले होते, ओठ घट्ट मिटलेले. येवल्याच्या लोकांनी तिला अशी चारचौघांत पुढे झालेली कधी पाहिलीच नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "हे शेवटचं माझ्या वेळी का नाही वाजवलंत?"

पप्पांनी तारांवर हात ठेवून त्या शांत केल्या.

"वाजवलं होतं, पोरी," ते म्हणाले. "तुझी जीप निघून गेली होती. ती वळली तरी मी वाजवत होतो."

रेबेकानं जवळची लोखंडी खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि मांडवात पहिल्या रांगेत बसावं तशी ऐटीत बसली.

"मग आता वाजवा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

पप्पांनी वाजवलं. नुसतं तिच्यासाठी वाजवलं, मला आजही शपथेवर सांगता येईल, स्वतःच्या मुलीकडे त्यांनी तेव्हा ढुंकूनही पाहिलं नाही. पहिल्या ओळीला ती रडली. दुसरीला जास्त रडली. तिसरी ओळ वर चढली, गिरकी घेऊन खाली आली, आणि माझी थोरली जाऊ हसली. हसली म्हणजे काय, डोकं मागं टाकून, खुर्चीच्या पाठीला धरून, घोगऱ्या मोठ्या आवाजात हसली. असलं हसू त्या बारक्या बाईत एवढे दिवस मावलं कसं, हेच कळेना. तिला बघून मी हसायला लागले. मला बघून विनय.

मार्थाबाई मात्र मटकन शेजारच्या बाकावर बसल्या होत्या आणि नव्या रुमालात तोंड घालून घळाघळा रडत होत्या. पप्पा घाबरून थांबले. उठून त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

"विहीणबाई, चुकलं असेल तर माफी करा. निघा तुम्ही, उशीर होतोय."

मार्थाबाईंनी रुमालातून तोंड वर काढलं, खुर्चीत अजून हसत असलेल्या रेबेकाकडे पाहिलं आणि पप्पांचा हात परत त्यांच्या खिशाकडे ढकलला.

"राहू द्या हो तुमच्याजवळच," त्या म्हणाल्या. "कुठं घाई आहे?"